मुंबईत घर बदललंय? पत्ता बदलण्याचं काम या क्रमाने करा

पत्ता बदलायच्या कामात माणूस अडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच कागदावर. बँकेत गेलं की आधार मागतात. आधारवर जुनाच पत्ता. तो बदलायला जावं तर नव्या घराचा पुरावा मागतात. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, आणि भाडेकराराची नोंदणी एजंटने 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणून लांबणीवर टाकलेली. म्हणून दहा ठिकाणी फॉर्म भरत सुटण्याआधी एकच गोष्ट मिळवा: नव्या घराचा, तुमच्या नावाचा, सगळीकडे चालणारा एक कागद. तो हातात आला की आधी आधार, मग बँक आणि पॅन, मग मतदार यादी, गाडी, गॅस असा क्रम लावता येतो.

आधी ठरवा: किती दिवसांसाठी चाललाय?

मुंबईत घर बदलणारे सगळे सारखे नसतात. कोणी नोकरीसाठी साताऱ्याहून येऊन कांदिवलीत भाड्याने राहतो, कोणी गिरगावातली खोली सोडून बोरिवलीत स्वतःचा फ्लॅट घेतो. आणि हल्ली प्रत्येक गल्लीत दिसणारं कारण म्हणजे पुनर्विकास. इमारत पाडली, बिल्डर भाडं देतोय, तीन-चार वर्षांनी पुन्हा तिथेच यायचंय. मग पत्ता बदलायचा की नाही?

माझं मत असं: परत येणार असाल तरी पत्रव्यवहाराचा पत्ता सगळीकडे बदलाच. बँक, विमा कंपनी, म्युच्युअल फंड अशा बहुतेकांच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आणि 'पत्रव्यवहाराचा पत्ता' असे दोन वेगळे रकाने असतात. कायमचा तसाच ठेवून दुसरा बदलता येतो. आधारवरचा पत्ता जुना आणि राहायचं नव्या जागी, अशी स्थिती असेल तर सध्याच्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर शाखा व्यवस्थापकाशी शांतपणे बोला.

दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्यांना वाटतं, इतक्या वेळा आधार कसं बदलायचं? नाव, लिंग आणि जन्मतारीख बदलण्यावर मर्यादा आहे, पत्त्यावर तशी नाही. तरी नव्या भाड्याच्या घरात वर्षभर तरी टिकणार असाल तरच आधारला हात लावा, नाहीतर पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर भागवा.

तो पहिला कागद

भाड्याने राहणाऱ्यांसाठी तो कागद म्हणजे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायलाच हवी. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घरमालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे सौम्य शब्दांत सांगा. भांडून काही होत नाही, पण कायद्यात त्याचंच नाव आहे म्हटल्यावर माणूस ऐकतो. शिवाय भाड्याविषयी वाद झाला तर नोंदणी नसलेल्या करारात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, हेही त्याच कलमात आहे. ही ओळ घरमालकाला दंडापेक्षा जास्त झोंबते.

नोंदणीला आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायलाच हवं असं नाही. ई-नोंदणी होते, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि अनामत रक्कम यांवरून काढलेलं. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार रुपये. एजंटची मजुरी याच्या वर, आणि ती मात्र घासाघीस करून ठरवायची असते. करार करतानाच दोन गोष्टी पाहा. नवरा-बायको दोघंही राहणार असाल तर दोघांची नावं परवानाधारक (म्हणजे भाड्याने राहणारे) म्हणून घाला. एकाचंच नाव असेल तर दुसऱ्याच्या प्रत्येक कामाला वेगळा पुरावा शोधावा लागतो. आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हेही घरमालकाचं काम. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ते घरबसल्या होतं. त्याची पोच तुम्हीही मागून ठेवा, सोसायटीचा सेक्रेटरी ती हमखास विचारतो.

स्वतःचं घर घेतलेल्यांकडे खरेदीचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा असतो. पण रोजच्या कामांत त्याहून उपयोगी पडतं ते विजेचं बिल, म्हणून ताबा मिळाल्याबरोबर मीटर आपल्या नावावर करून घ्या. इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो, कारण मुंबईत वीज कंपनी जागेप्रमाणे बदलते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, त्यापुढच्या उपनगरांत बहुतेक अदानी किंवा टाटा, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. जुनं बिल मागून घ्या, ग्राहक क्रमांक त्यावर असतो. मागची थकबाकी शून्य आहे ना, तेही तिथेच कळतं. सोसायटीचं भागपत्र आणि महापालिकेच्या मालमत्ता कराच्या खात्यावरचं नाव यांना वेळ लागतो. अर्ज आत्ताच टाकून ठेवा.

पागडीच्या चाळीत राहायला आलेल्यांचं प्रकरण नाजूक. भाडेपावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि काकांशी बोलणं बंद. पावतीवर नाव चढवणं हा स्वतंत्र विषय आहे. पत्त्याच्या कामासाठी विजेचं बिल कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. ते घरातल्या कोणाच्या नावावर असेल तर त्या व्यक्तीचं आधार आधी बदला आणि मग कुटुंबप्रमुखाच्या मार्गाने बाकीच्यांचं. हा मार्ग खाली सांगितला आहे.

पत्ता एकदाच, एकाच पद्धतीने लिहा

फॉर्म भरायला बसण्याआधी नवा पत्ता मोबाइलच्या नोंदींमध्ये एकदा नीट टाइप करून ठेवा, इंग्रजीत आणि मराठीत. फ्लॅट क्रमांक, विंग, सोसायटीचं नोंदणीतलं नाव (लोक म्हणतात ते नव्हे), रस्ता, भाग, पूर्व की पश्चिम, पिनकोड. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच चिकटवा. एकीकडे 'एस. व्ही. रोड', दुसरीकडे 'स्वामी विवेकानंद मार्ग', तिसरीकडे 'स्टेशनसमोर' असं लिहिलंत की जुळवणी फसते.

पिनकोड अंदाजाने टाकू नका. रेल्वेचे रूळ ओलांडले की तो बदलतो. विलेपार्ले पूर्व ४०००५७, पश्चिम ४०००५६. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. कांदिवलीत तर पश्चिमेला ४०००६७ आणि पूर्वेला एकदम ४००१०१. शेजाऱ्याच्या विजेच्या बिलावर पाहा आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावर ताडून घ्या.

आधार

मायआधार पोर्टलवर लॉग-इन करून पत्ता स्वतःच बदलता येतो. अट एक: आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर कधीच बंद पडला असेल तर आधी नंबर नोंदवून घ्या, पत्ता नंतर. भाडेकरार जोडणार असाल तर सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने, सह्या आणि शिक्के वाचता येतील अशी हवीत. फक्त पहिलं आणि शेवटचं पान जोडून दिलं की अर्ज नाकारला जाण्याची शक्यता जास्त. विजेचं बिल जोडणार असाल तर ते तीन महिन्यांच्या आतलं हवं.

फॉर्ममध्ये इंग्रजी पत्ता भरला की मराठी आपोआप उमटतो आणि तिथे गमती होतात. परळचं परेल होतं, शीवचं सायन. सबमिट करण्याआधी मराठी रकाना वाचा आणि हाताने दुरुस्त करा. पैसे भरल्यावर सेवा विनंती क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. अर्ज कुठवर आला ते त्यावरच कळतं. शंका असेल तर १९४७ ही हेल्पलाइन आहे.

स्वतःच्या नावाचा पुरावा नसलेल्यांसाठी, म्हणजे लग्न होऊन आलेली सून, नातवाकडे राहायला आलेले आजी-आजोबा, कॉलेजातली मुलं यांच्यासाठी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे. तुम्ही अर्जात कुटुंबप्रमुखाचा आधार क्रमांक द्यायचा, नात्याचा पुरावा जोडायचा (शिधापत्रिका, गुणपत्रिका, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट यांपैकी दोघांची नावं असलेलं काही), आणि त्यांनी ३० दिवसांच्या आत पोर्टलवर जाऊन होकार द्यायचा. होकार दिला नाही तर अर्ज बाद, पैसेही परत नाहीत. घरातले ज्येष्ठ मोबाइलवरचा मेसेज उघडत नाहीत, तेव्हा शेजारी बसूनच हे काम उरका.

पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं. त्यांच्यासाठी आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र असतं. आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी यांची त्यावर सही आणि शिक्का घेऊन आधार केंद्रात जायचं. साध्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. नमुना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून छापून न्या.

बँक, पॅन आणि गुंतवणूक

आधार बदललं की बँकेचं काम सोपं. बऱ्याच बँका नेट बँकिंगमधून किंवा आधारच्या ओटीपीवर पत्ता बदलून देतात. नसेल तर शाखेत केवायसीचा फॉर्म. लक्षात ठेवा, बँकेत चालणारं विजेचं किंवा पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, आधारसारखं तीन नाही. आणि बचत खात्याचा पत्ता बदलला म्हणजे त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डाचा आणि गृहकर्जाचाही बदलला असं धरून चालू नका. प्रत्येकाची वेगळी चौकशी करा.

पत्ता बदलणं आणि शाखा बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. शाखा बदलली की आयएफएससी बदलतो, मग पगार, हप्ते, एसआयपी सगळीकडे कळवत बसा. लॉकर तिथे नसेल तर जुनी शाखा राहू द्या. तिच्यावाचून कोणाचं अडत नाही.

याच काळात 'केवायसी अपूर्ण, खातं आज रात्री बंद होईल' असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. तुम्ही खरोखरच अर्ज केलेला असल्यामुळे तो मेसेज खरा वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. आधारची प्रत कुठे द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या.

पॅन कार्डावर पत्ता छापलेला नसतो, तेव्हा नवं कार्ड मागवायची गरज नाही. आयकर खात्याच्या नोंदीतला पत्ता तेवढा बदलायचा. आधारवरचा पत्ता उचलून तो पॅनच्या नोंदीत टाकण्याची सोय पॅनचं काम पाहणाऱ्या प्रोटीअन आणि यूटीआयआयटीएसएल या संस्थांच्या संकेतस्थळांवर आहे. आयकर पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्येही एकदा डोकावा. म्युच्युअल फंडांसाठी प्रत्येक कंपनीला कळवावं लागत नाही. केआरए म्हणजे केवायसी नोंदणी संस्थेकडे एकदा बदललं की सगळ्या फंडांपर्यंत पोचतं. डिमॅटचं मात्र ब्रोकरकडे पाहावं लागतं. विम्यात आयुर्विमा आणि आरोग्य दोन्ही. गावाहून मुंबईत आलेल्यांनी आरोग्य विम्याच्या कंपनीला आवर्जून कळवावं, कारण काही पॉलिसींत शहरानुसार झोन ठरतो आणि त्यावरून प्रीमियम आणि दाव्यातला तुमचा वाटा बदलतो.

ऑफिसच्या एचआरलाही कळवा. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जात असेल, तर घरमालकाचा पॅन लागतो. तो करार करतानाच मागून घ्या, मार्चमध्ये मागितला की फोन उचलत नाहीत. घरून धंदा करणाऱ्यांनी जीएसटीतला मुख्य व्यवसायाचा पत्ता १५ दिवसांच्या आत बदलायचा असतो, आणि गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) असेल तर त्यातही बदल करून घ्यायचा.

मतदार यादी

इथे सर्वांत जास्त चुका होतात. घर बदलल्यावर लोक नव्याने फॉर्म ६ भरतात. तो पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांचा. तुम्हाला लागतो फॉर्म ८. त्यात 'निवासस्थान बदल' हा पर्याय निवडायचा. २०२२ पासून मतदारसंघ तोच असो की वेगळा, फॉर्म हाच. ओळखपत्राचा क्रमांक जुनाच राहतो, जुन्या यादीतलं नाव कमी करण्याचं कामही त्यातूनच होतं. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर तो फुकट भरता येतो, चौकशीसाठी १९५०.

मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत, १० शहर जिल्ह्यात आणि २६ उपनगर जिल्ह्यात. माहीमहून वांद्र्याला गेलात तर जिल्हाही बदलतो. अर्जानंतर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी चौकशीला येतो, तेव्हा वॉचमनला कल्पना देऊन ठेवा. नाहीतर तो 'या नावाचं इथे कोणी नाही' म्हणून परत पाठवतो.

गावच्या ग्रामपंचायतीतलं मत सोडवत नाही, हे मी समजू शकतो. पण दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. जिथे खरोखर राहता तिथलं नाव हवं. नुसतं घर मालकीचं आहे एवढं कायद्याला पुरत नाही. पुनर्विकासात गेलेल्यांनी तर गाफील राहूच नये. घरोघरी पडताळणीला आलेल्या बीएलओला तुमच्या घराच्या जागी पत्र्याचं कुंपण दिसतं.

गाडी आणि लायसन्स

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परिवहन पोर्टलवर गाडीसाठी 'वाहन' आणि लायसन्ससाठी 'सारथी' असे दोन विभाग आहेत, म्हणजे अर्जही दोन. ताडदेव एमएच ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्यात गेलात तरी नंबर प्लेट बदलत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीला मात्र १२ महिन्यांपुढे इथे चालवायची तर नवी नोंदणी, मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर, सगळं लागतं.

गॅस, रेशन, पासपोर्ट

सिलिंडर शहरातल्या शहरात हलवायचा असेल तर जुन्या एजन्सीकडून बदलीचा कागद घेऊन नव्या एजन्सीत नोंद करा, सिलिंडर-रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतं. दुसऱ्या गावी जाताना ते जमा करून अनामत रक्कम परत घ्यायची, तिथे पुन्हा भरायची. कनेक्शन घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर सापडत नसेल तर आजच शोधायला लागा. महानगर गॅसचं पाइप कनेक्शन घराबरोबरच राहतं, भाडेकरूने फक्त बिल भरायचं. घर विकत घेतलं असेल तर नाव बदलून घ्यायचं.

रेशनच्या धान्यासाठी घाई नाही, कारण एक देश एक रेशन कार्ड योजनेत अंगठा देऊन कुठल्याही दुकानातून ते उचलता येतं. कार्डावरचा पत्ता आणि दुकान बदलायला नव्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात अर्ज करावा लागतो. गावच्या कार्डातून फक्त तुमचंच नाव इकडे आणायचं असेल तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला आधी घ्या.

पासपोर्टवरचा पत्ता बदलणं म्हणजे पासपोर्ट नव्याने काढणं. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, शिवाय पोलीस पडताळणी, आणि नंबरही नवा मिळतो. अर्जात पोलीस ठाणं निवडताना अंदाज बांधू नका, आपली इमारत कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते बीटच्या हवालदाराला विचारा. पुढच्या वर्षी मुदत संपणारच असेल आणि घर भाड्याचं असेल, तर नूतनीकरणाबरोबरच पत्ता बदललेला बरा.

टपाल

नवी कागदपत्रं तयार झाली की बहुतेक पोस्टानेच येतात: आधारचं पत्र, लायसन्स, आरसी, मतदार ओळखपत्र. पहिल्याच दिवशी खालच्या पत्रपेटीवर नाव लावा. भाडेकरू असाल तर घरमालकाच्या नावाखाली तुमचंही. पोस्टमन फ्लॅट नंबरपेक्षा नावाकडे पाहतो, आणि परत गेलेलं लायसन्स घ्यायला पुन्हा आरटीओची पायरी चढावी लागते. जुन्या भागाच्या पोस्ट ऑफिसात लेखी अर्ज दिला तर पत्रं नव्या पत्त्यावर वळवली जातात, पण ठरावीक काळापुरतीच. बँकेचं कार्ड किंवा चेकबुक त्या भरवशावर ठेवू नका. ऑनलाइन खरेदीच्या अ‍ॅपमधला जुना पत्ता नुसता बदलू नका, पुसूनच टाका; नाहीतर दिवाळीच्या सेलमध्ये घाईत मागवलेला मिक्सर जुन्या घरी जाऊन पोचेल.